माता मायच्या दर्शनाचा लाल-निळा चष्मा

मित्रांनो, माझा एक डोळा लाल आहे आणि दुसरा निळा. मी पुठ्ठ्याचा एक जुना चष्मा आहे. लाल डोळा म्हणतो जग लाल, निळा म्हणतो निळे. खरे कोण बोलतो, ते मला जन्मभर कळले नाही. तरी माझी गोष्ट जमेल तशी सांगतो. एका माउलीच्या ताटातला भात या गोष्टीत अडकलेला आहे ना!

माझा जन्म १९५४ साली गोंदियाच्या एका छापखान्यात झाला. तिथे बिडीच्या बंडलांची लेबले छापत. तुलसीराम तिथे शाई कालवायचा. त्याची आई सुंदरबाई दवनीवाड्याची. तिथे धानाच्या शेतापलीकडे कडुलिंबाखाली गावदेवी माता माय आहे, शेंदराची, चांदीच्या डोळ्यांची. तिला पाणी वाहिल्याशिवाय सुंदरबाईने कधी तोंडात घास घातला नव्हता. पण अंगणात घसरून तिचे खुब्याचे हाड मोडले आणि मुलाने तिला गोंदियाला आणले. डॉक्टरांनी सांगितले, बैलगाडीचा एक हिसकाही चालायचा नाही.

मग सुंदरबाईने नेम केला. "माता मायले जशीच्या तशी पाहीन, तवाच भात खाईन."

दोन्ही वेळा भात शिजणाऱ्या घरात ती कोरडी पोळी चावत बसे. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. त्यात एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. डोळ्याला ती कोणाला हात लावू देईना.

तुलसीरामने देवीचा फोटो आणून दिला. तिने नमस्कार केला आणि बाजूला ठेवला.

"हे तं चपटी आहे गा. माझी माय का पापड होये?"

त्याच सुमारास छापखान्यात एक परदेशी मासिक आले. त्यातली चित्रे लाल-निळ्या चष्म्यातून पाहिली की कागदातून उठून पुढे येत. तुलसीरामच्या डोक्यात तेच घर करून बसले. त्याचा फोटोवाला मित्र केवळराम दवनीवाड्याला गेला. त्याने देवीचा एक फोटो काढला, कॅमेरा जरासा बाजूला सरकवला आणि दुसरा काढला. तुलसीरामने एक लाल शाईत छापला आणि त्याच्यावरच दुसरा निळ्या शाईत. माझ्या लाल डोळ्याला लाल चित्र दिसत नाही, निळ्याला निळे दिसत नाही. दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे मिळतात आणि माणसाचे मन त्यांची एक उभी मूर्ती करते. कशी करते, ते मला विचारू नका. तुलसीरामने रंगीत पारदर्शक कागद लावून दोन चष्मे केले. एक छापखान्यात ठेवला आणि मला घरी आणले.

सुंदरबाईने मला नाकावर चढवले. मी श्वास रोखला, म्हणजे चष्म्याला रोखता येईल तेवढा.

"दोन माया दिसून राहिल्या गा," ती म्हणाली. "कोणत्या मायले हात जोडू?"

तुलसीरामने चित्र परत नेले. निळ्या शाईत थोडी हिरवी घातली, लाल पातळ केली. खरबरीत कागद सोडून गुळगुळीत घेतला. दोन चित्रे वरखाली झाली होती, ती एका रेषेत आणली. काही दिवसांनी छापखान्यातल्या चष्म्यातून माय झकास उभी राहिली. तो धावत घरी आला.

"आता?"

"आता तं मायच्या मागं तिचं भूतच उभं आहे बापा."

पुन्हा शाई, पुन्हा कागद. छापखान्यात एकच माय, घरात दोन. तुलसीराम डोके धरून बसला. मीही गोंधळलो होतो. वाटे, माझा लाल डोळा चुकतो की निळा? की मीच मुळात वाईट आहे? इकडे सुंदरबाई बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली होती. तिची सून गिरजा रोज भाताचे ताट वाढायची आणि रोज ते तसेच उचलायची.

"तुमचा कागद तं कवाच सुधरला," एके सकाळी ती नवऱ्याला म्हणाली. "पण हा घरातला चष्मा कवा घालून पाहिला?"

तुलसीरामने मला प्रथमच स्वतःच्या नाकावर ठेवले आणि दचकला. "हे असं काऊन झालं? हा डोळा तं हिरवा झाला!"

मित्रांनो, मला वाटत होते की चष्म्याचे जगणे असेच असते. सुंदरबाई मला रोज देवघरात ठेवायची. तिच्या लेखी मी देवीचे दर्शन देणारे डोळे होतो. म्हणून आधी माझी पूजा व्हायची, मग दर्शन. लाल डोळ्याला कुंकू, निळ्याला हळद. जास्तीचे ओल्या पदराने पुसायची. लालवरचे कुंकू कोणाला दिसेना आणि निळा हळदीने हळूहळू हिरवट झाला. जे निळे चित्र लपायचे, ते त्याच्यातून डोकावू लागले. दुसरी माय आता कागदावर नव्हतीच, ती माझ्यावर बसली होती.

तुलसीराम तडक म्हणाला, "माय, ह्याची पूजा कायले करतेस? पुठ्ठा होये तो!"

सुंदरबाईने तोंड फिरवले. "मंग माझी माय बी गोटाच होये, म्हण."

गिरजा तिच्याजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, माता मायले कुंकू कुठं लावता वो? डोळ्यात का?"

"चल, पोरी! कपाळाले लावतेत."

"मंग ह्याच्या बी कपाळाले लावा."

आणि तिने माझ्या दोन डोळ्यांच्या मधोमध, पुठ्ठ्यावर, बोट ठेवले. सुंदरबाईने त्या बोटाकडे पाहिले. मग हसली.

तुलसीरामने मला दोन्ही नवे रंगीत कागद लावले. डोळे बदलले, तरी मी तोच राहिलो का, हे मला अजून उमगलेले नाही. सुंदरबाईने टिळा लावला, कपाळाला. हात कोरडे केले आणि मला चढवले. कडुलिंबाचे खोड मागे गेले, घंटा पुढे आली, आणि मधे माय. एकच. सुंदरबाईने पाय धरायला हात पुढे केला. तो हवेतच राहिला. तिने पदर डोक्यावर घेतला.

"गिरजे," ती म्हणाली, "भात टाक वो."

पुढे खुबा घरातल्या घरात चालण्याइतका बरा झाला, पण मोतीबिंदूने तिचा तो डोळा नेला. एका डोळ्याला चपटेच दिसते, उभे नाही. तरी ती रोज मला घालून म्हणायची, "उभी आहे माय." कशी दिसत होती? मला समजले नाही. तिच्यानंतर मी या फळीवर पडलो. लाल फिका पडला आहे, कपाळावरचा टिळा मात्र तसाच आहे.

मित्रांनो, जी वस्तू तुम्हांला काही दाखवते, तिला हात जरूर जोडा. पण आधी तिचे डोळे मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. टिळ्याला जागा कपाळावर पुष्कळ आहे.