उघडे राहिलेले दोन डबे

मी एक काटा बोलतोय. भाजीबाजारातला नव्हे, बंदुकीची दारू तोलायचा. अमेरिकेत, मोंटानातल्या ऑर्विल थॉर्सबी नावाच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये माझा सगळा जन्म गेला. तो काडतुसं घरीच भरतो. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, माझ्या पारड्यात दारू तोलून आत ओतायची, वर गोळी बसवायची.

त्याची बायको लुएला होती तोवर शेडमध्ये कडक शिस्त होती. टेबलावर एका वेळी एकच डबा. फोन घरात. "तोंड चालू, तर हात बंद!" ती दारातूनच दटावायची. ती गेली आणि तीन वर्षं त्या शेडमध्ये दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. ऑर्विल माझ्याशीच बोलायचा. मी काय ओ देणार, कपाळ!

यंदा ऑक्टोबरात मुलीचा, डेल्फीनचा, फोन आला. नऊ वर्षांनी ती शिकारीला येणार होती. म्हातारा हरखला. खांद्याशी फोन दाबून तिच्या रायफलीची वीस काडतुसं भरायला बसला. बोलण्याच्या नादात पिस्तुलाच्या दारूचा डबाही उघडला, उरलेली दारू कुठल्यातरी डब्यात परत ओतली आणि भरत राहिला.

मला वजन कळतं, दारूची जात कळत नाही. पिस्तुलाची झटकन भडकणारी दारू रायफलीत गेली, तर नळी चालवणाऱ्याच्या तोंडापाशीच फुटते. मी मात्र वीसही वेळा वजन बरोबर दाखवलं. इतकं असहाय मला कधीच वाटलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर ऑर्विलला दोन्ही डबे उघडे दिसले. त्याने भरलेली वीसही काडतुसं एका बाजूला सारली.

डेल्फीन आली ती थेट शेडमध्ये. "बाबा, ही माझी ना?"

"हात लावू नकोस. कुठल्या डब्यात काय ओतलं, मला आठवत नाही."

"चल, काहीतरीच! चाळीस वर्षं भरतोयस तू."

"चाळीस वर्षं भरली म्हणूनच सांगतोय, पोरी."

दोघांनी मिळून वीसही काडतुसं उकलली, सगळी दारू अंगणातल्या गवतावर विरळ पसरली. जन्मात पहिल्यांदा ऑर्विलने दुकानातली काडतुसं घेतली. निघताना डेल्फीन म्हणाली, "आता एकटा भरत बसू नकोस." त्याने टेबल आवरून माझ्यावर जुना टॉवेल टाकला.

तेव्हापासून तो टॉवेल तसाच आहे. ऑर्विल रोज सकाळी येतो, दोन्ही हात टेबलावर ठेवून थोडा वेळ बसतो आणि उठून जातो. फार एकटं वाटतं मला. तरी विनवणी एवढीच: हा टॉवेल कुणी काढलाच, तर ऑर्विलच्या शेजारी कुणीतरी बसा. ते जमणार नसेल, तर मला असाच रिकामा राहू द्या. त्याचे दोन्ही हात धड आहेत, ते मी टॉवेलच्या फटीतून रोज बघतो.