हळद लागलेलं मीठ

२०२२ सालची गोष्ट. त्या वर्षी दिवाळीपर्यंत आम्हाला भाईंदरजवळच्या मुर्धा गावातलं घर रिकामं करून द्यायचं होतं. जागेवर सात मजले उठणार होते. भांडीकुंडी मुलाच्या, अभिनवच्या, इंद्रलोकमधल्या फ्लॅटवर गेली होती. राहिला होता अंगणातला ट्रॅक्टर. चोवीस वर्षं ताडपत्रीखाली उभा असलेला, रंग उडालेला, एका बाजूला शेवग्याच्या झाडाला टेकल्यासारखा.

भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो म्हणाला. मालक, म्हणजे माझे यजमान उत्तम, त्याला म्हणाले, "कापायचं न्हाय. तो इथून चालत जायल." जवळच्याच डोंगरी गावचा एक वाडीवाला चालू स्थितीत मिळाला तर न्यायला तयार होता. मालक तेव्हा पंचाहत्तरचे. गुडघे गेलेले, पण हट्ट जागेवर.

इंजिन ठीक निघालं. भाईंदर पूर्वेला गॅरेज असलेला दिपेश येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, इंजिन में दम है. टाकी मात्र गेली. आतून सगळी गंजलीय. ती साफ झाली तर बात बनेगी."

टाकी गंजायचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं. ९८ साली कोणीतरी तिच्यात मीठ टाकलं होतं. कोणी टाकलं तेही गावाला माहीत होतं. दाजींनी. दाजी म्हणजे मालकांच्या मोठ्या बहिणीचे, सुगंधा वन्संचे यजमान. शेजारच्या राई गावात राहायचे, मिठागरावर मुकादम होते. आदल्याच दिवशी मिठाच्या गोण्यांच्या ट्रॅक्टरफेऱ्यांवरून मेहुण्या-मेहुण्यांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून नाव त्यांचंच आलं. मालकांनी दाजींचं नाव टाकलं. बहीण नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली, तर बहिणीचंही टाकलं. ट्रॅक्टरलाही रागाने पुन्हा हात लावला नाही. चोवीस भाऊबीजा मालकांचं कपाळ कोरडं राहिलं.

मीठ मी टाकलं होतं.

मालक तेव्हा दिवसाला अकरा-बारा फेऱ्या मारायचे. सकाळी मीठ, दुपारनंतर बिल्डरची भरणीची माती. अंगात ताप, छातीत कळ. डॉक्टरांनी आठ दिवस पडून राहायला सांगितलं होतं. एका दुपारी ते तापात झोपले होते, पण चारला उठून पुन्हा जाणार होते. मी स्वयंपाकघरातल्या बरणीतून वाडगाभर मीठ घेतलं आणि डिझेलच्या टाकीत ओतलं. आठ दिवस बंद पडेल, एवढाच हिशेब. दाजींचं नाव येईल हे डोक्यातही नव्हतं. आल्यावर मी गप्प बसले. आज सांगू, उद्या सांगू. मग सांगायची वेळच निघून गेली असं वाटायला लागलं, आणि तेच वाटणं सोयीचं झालं.

तर टाकी. नवराबायकोने आम्हीच काढली. दिपेशने सांगितलं तसं आत मूठभर नट आणि हातभर साखळी घातली, तोंड बांधलं, टाकी गोधडीत गुंडाळली आणि दोन बाजूंनी धरून हलवत बसलो. बारशाला बाळ पाळण्याखालून देतात-घेतात तसं. पाच मिनिटं हलवायचं, दहा मिनिटं धापा टाकायच्या.

"तू नीट हलव गं."

"तुमच्याच बाजूला अडतंय. हातात जोर आहे का?"

"जोर असता तं तुला कशाला बोलावली असती?"

आतून तांबडा चिखल निघाला. मग गरम पाण्यात लिंबूसत्त्व घालून ते दोन दिवस भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी टाकी आतून राखाडी, स्वच्छ दिसली. मालक एकदम तरुणासारखे हसले. बोअरच्या पाण्याने खळखळून धुतली आणि उन्हात उपडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत बॅटरी मारली तर सगळीकडे नारिंगी थर. दिपेशला फोन केला. तो हसायलाच लागला. "काकी, बोअरचं पाणी मारलं? मुर्ध्याचं? खाडीच आहे ना ती! गोडं पाणी घ्या, धुवून लगेच सुकवा, वरून डिझेल फिरवा."

आयुष्यभर त्याच पाण्याने भांडी घासली, म्हणून खारं असतं हे विसरूनच गेलो होतो. मग विकतच्या पाण्याचे जार आणले. पुन्हा साखळी, पुन्हा लिंबूसत्त्व, पुन्हा धापा. सुकवायला नातीचं, इशिताचं केस वाळवायचं मशीन आणलं. तरी दोन दिवसांनी तळाच्या जोडातून गंज वर आलाच.

दिपेश येऊन बघून गेला. म्हणाला, "जोडात अजून मीठ बसलंय. धुवत राहा. धुतलेलं पाणी चाखून बघा. जोपर्यंत खारं लागतंय तोपर्यंत थांबू नका."

चाखणार कोण? मालकांची चव करोनापासून गेलेली. आणि मी रक्तदाबामुळे दहा वर्षं अळणी खाणारी, मला साधी पोळीही खारट लागायची. मी जिभेला थेंब लावला. खारट. विकतचं स्वच्छ पाणी लावलं. तेही खारट.

मालक टाकीला टेकून बसले होते. हाताला गंजाचा तांबडा रंग. म्हणाले, "मिठाचं कळणारा एकच मानूस हाय. आन त्यानंच तं घातलं." मग थुंकले. "बोलव भंगारवाल्याला. मी दमलो."

मीही दमले होते. टाकी हलवून नव्हे. चोवीस वर्षं एकच गोष्ट तोंडात धरून दमले होते. मी हात धुतले, चपला घातल्या. "कुठं चाललीस?" "येते," म्हटलं आणि राईची रिक्षा धरली.

दाजी ओटीवर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचे, नुसती हाडं. वन्सं सुपात जवळा निवडत होत्या. मला बघून त्यांचा हात थांबला. "कोन मेलं काय?"

"नाही, वन्सं. टाकीतलं मीठ मी घातलं होतं. त्यांना आठ दिवस घरी बसवायला. दाजींनी नाही."

रिक्षात जुळवलेली बाकीची वाक्यं आलीच नाहीत.

दाजी शांतपणे म्हणाले, "मना म्हाईत हाय."

"कसं?"

"माझ्या नावानं ओरड झाली तवा मी तुमच्या अंगणात आलतो. टाकीच्या तोंडाशी मीठ सांडलेलं व्हतं. त्यात हळद व्हती. मिठागराच्या मिठाला हळद कुठनं लागायची? ते रांधणाऱ्या बाईच्या हातचं मीठ." त्यांनी काठी जवळ ओढली. "हातानं पुसून टाकलं. उत्तमचा राग तवा कसा व्हता, तुला ठाव हाय. माझ्याशी बोलला न्हाय तं माझं काय जात व्हतं?"

सूप खाली आपटलं. जवळा ओटीभर झाला.

"तुमचं काय जात व्हतं?" वन्सं नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "आन माझं? भाऊबीजेला चंद्राला ओवाळत बसले मी. भाऊ दोन मैलांवर, आन मी चंद्राला! तुमाला ठाव व्हतं, हिला ठाव व्हतं. येडी मी एकटी." त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारायला नकोच होतं.

दाजी काठी घेऊन उठले. "चल. चव हाय अजून जिभेला."

रिक्षा आमच्या दारात थांबली. दाजींना उतरताना बघून मालक पाना हातात घेऊन उभे राहिले. ते काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मीठ मी घातलं होतं. तुम्ही पडून राहावं म्हणून."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आठ दिसांसाठी?"

"हो."

"मना सांगायचं व्हतं, जाऊ नका म्हणून."

"तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तुम्ही ताट भिरकावलं होतं."

त्यांनी पाना खाली ठेवला. दाजींकडे न बघता खुर्ची पुढे ओढली आणि पदराने पुसावी तशी लुंगीच्या टोकाने पुसली. "बसा, दाजी."

माझ्याशी ते त्या दिवशी पुढे बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. काम मात्र तिघांनी केलं. आम्ही धुवायचं, दाजींनी बोट बुडवून जिभेला लावायचं, डोळे मिटायचे. "हाय अजून." पुन्हा धुवायचं. "हाय." सातव्या पाण्याला ते जरा जास्त वेळ थांबले. "गेलं. आता गोडं लागतंय." मालकांनी लगेच मशीनची गरम हवा मारली, वरून डिझेल फिरवलं. दोन दिवसांनी, चार दिवसांनी बॅटरी मारून बघितलं. तळ राखाडीच राहिला.

भाऊबीजेच्या दिवशी दिपेशने टाकी बसवली आणि ट्रॅक्टर सुरू केला. काळा धूर काढत, खोकत सुरू झाला. दुपारी वन्सं रिक्षाने आल्या. भावाला पाटावर बसवून ओवाळलं. मालक रडले, वन्सं रडल्या नाहीत. निघताना माझ्या करंजीच्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. संध्याकाळच्या आत मालक स्वतः ट्रॅक्टर चालवत डोंगरीला घेऊन गेले. दाजी मडगार्डवर बसले होते. दोघांचं वय मिळून दीडशेच्या वर, आणि मागून सगळे हॉर्न मारत होते.

पुढच्या चैत्रात मालक गेले. झोपेतच. चार दिवसांचा अबोला सोडला तर त्यांनी मला मिठावरून पुन्हा काही विचारलं नाही. एकदाच, फ्लॅटच्या खिडकीत बसलेले असताना म्हणाले, "तवा पडून राह्यलो असतो तं बरं झालं असतं." दाजी २०२४ च्या पावसाळ्यात गेले. दिपेशचं गॅरेज रस्तारुंदीकरणात तुटलं. तो आता नालासोपाऱ्याला आहे, दिवाळीला फोन करतो. मुर्ध्याच्या घराच्या जागेवर पाच मजले चढलेत, दोन बाकी आहेत. ट्रॅक्टर डोंगरीच्या वाडीत पाण्याची टाकी ओढतो, असं अभिनव बघून आला.

सुगंधा वन्सं भाईंदर पूर्वेला मुलाकडे असतात. मी दर शुक्रवारी जाते. त्या सगळ्यांशी बोलतात, माझ्याशी नाही. पण मी बसले की चहाचा कप माझ्यासमोर त्याच ठेवतात, सुनेला ठेवू देत नाहीत. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलेलं नाही. चहा पिऊन कप विसळून ठेवते आणि सहाच्या आत घरी येते.