वहीतला कैलासवासी

गुरुजींनी लाल फडक्याची गाठ सोडली, लांबट वही मांडीवर घेतली आणि दोनच पानं उलटून तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. हे तुमचं घराणं."

टेलरमास्तर चष्मा पुसत पुढे सरकले. खरं तर त्यांना इथे यायचंच नव्हतं. बायकोने महिनाभर पिच्छा पुरवला होता, आणि तोही असा की जायचं तर याच बुधवारी, दुसरा दिवस चालणार नाही. नदीपासून वर चढायला शंभरावर पायऱ्या, पुढे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटावं अशी गल्ली. मास्तरांचे गुडघे वाटभर कुरकुरत होते आणि मास्तर गुडघ्यांपेक्षा जास्त.

खोलीत मात्र ते गप्प झाले. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर लाल फडक्यात बांधलेल्या शेकडो वह्या. गावोगावची घराणी इथे मुक्कामाला होती. या पुरातन नगरीत दर्शनाला आलेल्या माणसाने आपल्या हाताने आपलं नाव लिहायचं, बरोबर कोण आलं ते लिहायचं, घरात कोण जन्मलं आणि कोण गेलं तेही लिहायचं. गुरुजींचे पूर्वज त्या वह्या सांभाळत आले होते, आता गुरुजी सांभाळत होते.

पानावर सर्वांत वर पणजोबांचा अंगठा होता. त्याखाली आजोबा: 'बैलगाडीने एकवीस दिवसांत पोचलो. एक बैल लंगडला. देवाच्या कृपेने बाकी क्षेम.' मास्तरांना हसू आलं. त्यांनी आजोबांना पाहिलंही नव्हतं, पण देवाच्या दारात येऊन बैलाची तक्रार करणारा माणूस आपल्याच घरचा, याची त्यांना खात्री पटली. त्याखाली वडिलांचं अक्षर. मापाच्या वहीत छाती-कंबर लिहायचे तसंच, उजवीकडे कललेलं. मास्तरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि बोट काही वेळ तिथेच ठेवलं.

"ही शेवटची, अकरा वर्षांपूर्वीची," असं म्हणून गुरुजींनी खालची नोंद मोठ्याने वाचली, "मी, पत्नी, दोन मुलगे. धाकटा भाऊ वारला."

मास्तरांनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"धाकटे म्हणजे..." गुरुजींनी चाचरत विचारलं.

"मी."

"बरे आहात ना?"

"गुडघे सोडले तर."

पुढच्याच क्षणी मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्षर दादाचं होतं, ते अंधारातही ओळखता आलं असतं. दोघांचं एकच दुकान, एकच कापायचं टेबल, तीस वर्षं. मग एका नवरदेवाच्या कोटाची डावी बाही बोटभर आखूड निघाली. कापली दादाने, शिवली मास्तरांनी. चूक कोणाची, यावरून गिऱ्हाइकासमोर जुंपली आणि दादा ओरडला, "तू मला मेलास!" मास्तर त्याच दुपारी आपलं मशीन हातगाडीवर घालून निघून गेले. रागात माणूस काहीही बोलतो, असं ते इतकी वर्षं स्वतःला समजावत होते. आणि इकडे या पठ्ठ्याने देवाच्या गावात येऊन ते शाईने लिहून ठेवलं होतं!

"खोडा ते," मास्तर म्हणाले.

"इथे खोडत नाहीत," गुरुजी शांतपणे म्हणाले. "वहीत आलं ते राहतं. चुकलं असेल तर खाली नवी ओळ लिहायची."

"मग द्या पेन. लिहितो मी."

"तुम्हाला कसं लिहिता येईल? वहीत तुम्ही वारलेले आहात."

बायकोने पदर तोंडाला लावला. मास्तरांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

"आमच्याकडची रीत अशी," गुरुजी सांगू लागले. "ज्याने लिहिलं त्यानेच दुरुस्त करायचं, आपल्या हाताने. आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याला समोर बसवून. नाहीतर उद्या कोणीही येईल आणि कोणालाही जिवंत करील."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर राहील तसंच. तुमचे नातू-पणतू येतील, ते वाचतील."

मास्तर वहीकडे बघत राहिले. बैलाची तक्रार दोन पिढ्या टिकली होती, तसं हेही टिकेल. आपण आणि दादा दोघेही गेल्यावर हे एवढंच उरेल, आणि ते खोटं असेल. गेल्या वर्षी दादाला दवाखान्यात ठेवल्याचं कळलं, तेव्हा ते फाटकापर्यंत जाऊन परत आले होते. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना दादाची आठवण येत होती. रोज येत होती, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

"लावा की फोन," बायको म्हणाली.

"अकरा वर्षांत त्याने लावला?"

"ते कशाला लावतील? त्यांच्या लेखी तुम्ही वारलात."

मास्तरांनी फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, अंगठ्याला पाठ होता. तिकडे चार वेळा वाजल्यावर आवाज आला. आवाज म्हातारा झाला होता.

"कोण?"

"तू ज्याला मारलंस, तो."

पलीकडे कोणीतरी खोकलं.

"वही बघितलीस?" दादाने विचारलं.

"समोरच आहे."

"अक्षर कसं आलंय?"

"गचाळ. नेहमीसारखंच."

"हात थरथरत होता रे. लिहून खाली उतरायला लागलो तर पायऱ्याच दिसेनात. तुझ्या वहिनीने धरून नेलं." दादा थांबला. "बाही मीच आखूड कापली होती."

या एका वाक्यासाठी मास्तरांनी अकरा वर्षं उत्तरं तयार ठेवली होती, आणि आता एकही सापडत नव्हतं.

"मलाही शिवताना दिसलं होतं," ते शेवटी म्हणाले. "बोललो नाही. म्हटलं, होऊ दे फजिती."

"गाढवा!" दादा म्हणाला, आणि तो शब्द ऐकून मास्तरांना फार बरं वाटलं.

"तुला यावं लागेल, दादा. तुझ्याच हाताने लिहायचंय, मला समोर बसवून."

"येईन की. पण मी इथे घरी. एवढ्या लांबून यायचं म्हणजे... उद्याची गाडी मिळाली तर बघतो."

तेवढ्यात नदीकाठच्या देवळातली मोठी घंटा वाजली. एक ठोका, थांबून दुसरा, मग लागोपाठ दोन. मास्तरांच्या एका कानात ती खिडकीतून आली, दुसऱ्या कानात फोनमधून.

त्यांनी हळूच मान वळवली. बायको कोपऱ्यातली आणखी दोन आसनं आणून त्यांच्या शेजारी अंथरत होती. कोपरे नीट ओढत होती, सुरकुत्या काढत होती, आणि काही केल्या नवऱ्याकडे बघत नव्हती. गुरुजी दौतीचं झाकण उघडण्यात गढले होते.

"हॅलो?" दादा म्हणाला. "ऐकतोयस ना? उद्या संध्याकाळ होईल म्हणतो मी. थांबशील तोवर?"

मास्तरांनी डोळे पुसले आणि आवाज जमेल तितका कडक केला.

"सावकाश ये. पायऱ्या निसरड्या आहेत, वहिनीचा हात सोडू नकोस. मी दहा मिनिटं थांबतो."