नाव घातलेल्या आठ वाट्या

मी, निंबा, चिडका माणूस आहे, हे धुळ्यात आग्रा रोडवर कोणीही सांगेल. पण त्या सकाळी मी ग्राइंडरसमोर अक्षरशः नाचलो. भंगारातून आणलेला गज दगडाला लावला, तर ठिणग्या पिवळ्या नव्हे, पांढऱ्याशुभ्र! वजनाला लोखंडाच्या निम्मा, लोहचुंबक चिकटत नाही. टायटॅनियम! १९९१ साली, आमच्या गॅरेजात!

नऊ वर्षं मी बन्सीलाल नानांच्या हाताखाली होतो. गॅरेजच्या पाटीवर मात्र एकट्या नानांचं नाव. मी किती वेळा भांडलो असेन! त्यांची जुनी फियाट दुसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या पुढे नेली की इंजिन खडखडायचं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या लोखंडी वाट्या जड, म्हणून व्हॉल्व्ह वेळेवर मिटायचे नाहीत. नानांनी शेवटी अट घातली होती.

"गाडी लळिंगना घाट साठवर पाच येळा चढनी, ते पाटीवर तुनं नाव."

तीन टूल जाळून मी लेथवर टायटॅनियमच्या आठ वाट्या काढल्या आणि त्या मिरवायला घरी नेल्या. माझी बायको रुक्मा तिच्या भावाच्या भांड्यांच्या दुकानात ताट-तांब्यांवर नावं घालायची. आमच्याकडे नाव नसलेला चमचासुद्धा घरात राहत नाही.

"चोरी व्हयनी ते? आन, नाव घाली देस," ती म्हणाली.

मला गुदगुल्याच झाल्या. गॅरेजात आम्ही लोखंडी पार्टवर रोज पंच मारतो, त्यात काय एवढं? आठही वाट्यांवर टिंबाटिंबांचं 'निंबा' उमटलं.

आणि गाडी काय पळाली! पन्नास, पंचावन्न, बासष्ट, आणि खडखड नावाला नाही! शेजारी बसलेले नाना रिकाम्या जागी ब्रेक दाबत होते. मी वेड्यासारखा ओरडत होतो. दर चढाईनंतर वर थांबून इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडायचं आणि वाट्या तपासायच्या, ही नानांची शिस्त. एक, दोन, तीन, चार.

चौथ्या वेळी नाना चहाला गेले आणि मी कव्हर उघडलं. तिसऱ्या वाटीवर केसाएवढा तडा गेला होता, बरोबर माझ्या नावाच्या टिंबांवरून.

एकच फेरी राहिली होती. कव्हर बंद केलं असतं तर कोणाला कळलं असतं? पण वाटी फुटली, व्हॉल्व्ह आत पडला, तर नानांच्या इंजिनाचा चुराडा. मला स्वतःचा इतका राग आला की पाना फेकून दिला. मग हाक मारली, "नाना, इकडे या. माझी चूक झाली."

नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "लोखंड सोसस रे, हाई सोसत नही," एवढंच म्हणाले आणि चावी खिशात घातली. फियाट दुसऱ्या गाडीने ओढत परत आणली. अटीच्या चारही फेऱ्या गेल्या पाण्यात.

उरलेल्या गजातून आठ कोऱ्या वाट्या काढल्या. पुन्हा एकपासून मोजणी. पाचव्यांदा वर पोचलो तेव्हा नाना माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले!

पेंटर पाटीवर माझं नाव रंगवून गेल्यावर नाना स्वतः शिडीवर चढले. नावाशेजारी खिळा ठोकून त्यांनी ती तडकलेली वाटी अडकवली.

मी भडकलो. "नाना, हे कशाला?"

"तू माले हाक मारी ना, म्हणून," ते म्हणाले. "हाई बी तुनंच नाव शे."

मग मात्र मला रडू आवरलं नाही.