धुतलेला स्पंज

जावयानं सासरी कसं, विचारून पाऊल टाकावं. ओस्मेल मात्र कामाग्वे शहरातल्या सासूच्या घरात राहायला आला नि तिसऱ्याच दिवशी एनेइदाच्या माशांच्या टाकीला नावं ठेवायला लागला.

"सासूबाई, हा स्पंजचा फिल्टर कुठल्या जमान्यातला? नुसते बुडबुडे सोडतोय. मागे टांगायचा विजेचा फिल्टर घ्या. धबधब्यासारखं पाणी फिरतं. माझ्या मावसभावाकडे विकायला आहेत."

मावसभावाचं नाव निघालं नि एनेइदाच्या मनात पाल चुकचुकली.

"वीज गेली की तुझा धबधबा आटला. आत अडकलेली घाण कुजणार, वीज आली की तीच टाकीत ओतणार. माझा पंप मोटरसायकलच्या बॅटरीवर चालतो, कळलं?"

पण दोन महिन्यांत सात एंजल मासे मेले. उरली काळी जोडी, पानावरच्या अंड्यांना पंखांनी वारा घालत बसलेली. ती गेली की वीस वर्षं सांभाळलेला वंश बुडाला. आणि मासे मरायचे ते नळाला पाणी येऊन गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वर येऊन तोंडं वासायचे, संपायचे.

"तो काहीतरी कालवतो टाकीत. फिल्टर खपवायचाय ना," एनेइदा लेकीला म्हणाली.

"आई, तुला आरशातल्या बाईचाही संशय येतो," लिसबेत म्हणाली.

"येतोच. ती माझ्याहून म्हातारी दिसते."

पुढच्या वेळी नळ आला तशी सगळी गल्ली धुण्याला लागली. चादरी, फरश्या, भांडी. एनेइदा अंगणात पावसाच्या पाण्याच्या रांजणाआड तांदूळ निवडत बसली. एक डोळा तांदळावर, एक जावयावर.

ओस्मेल शीळ घालत आला. हातात बाटली नाही, पुडी नाही. त्यानं टाकीतला स्पंज उपसला, थेट नळाखाली धरला आणि पिळपिळ पिळला, पांढराशुभ्र होईपर्यंत.

एनेइदा उठली. तांदूळ सांडले.

"दे इकडे!" तिनं स्पंज हुंगला. क्लोरीनचा भपकारा आला.

"बघा, घाणीचा लवलेश नाही!" ओस्मेल फुशारला. "पाणी आलं की घरातलं सगळं धुवायचं, आईची शिकवण आहे. दर वेळी धुतो मी."

एनेइदाला उलगडा झाला. स्पंजवरची ती बुळबुळीत साय जिवंत असते, माशांची घाण तीच पचवते. ती स्वतः महिन्यातून एकदा तो रांजणाच्या पाण्यात हलकेच दाबायची, बस्स. यानं मात्र दर खेपेला नळाच्या औषधात सगळी साय मारून टाकली होती.

ओस्मेलच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. तिला त्याचाच जास्त राग आला.

"ऐक, जावईबापू," ती म्हणाली, "तू लबाड नाहीस, एवढं मी मान्य करते. लबाडावर नजर तरी ठेवता येते. तुझ्यासारख्या गुणी माणसाचं काय करायचं? फिल्टर आहे तोच राहील. स्पंज पुन्हा मळेपर्यंत रोज सकाळी रांजणातून बादल्या भरून टाकीचं पाणी बदलायचं, आणि ते तू बदलायचंस. ती जोडी मेली, तर आईची शिकवण घेऊन आईकडेच राहायला जा."