अकरा पोती शेवाळ

डुगल्ड मोवॅटला जगातल्या बहुतेक गोष्टी हलक्या वाटत, पण शेजारच्या नॅन पेट्रीच्या लॉनइतकी हलकी गोष्ट त्याच्या मते अख्ख्या पर्थशायर परगण्यात नव्हती. ती विधवा बाई गवत चांगलं चार बोटं वाढू द्यायची आणि त्यात डेझी फुलल्या की त्यांच्याकडे बघत चहा प्यायची. आपल्या लॉनमध्ये जे तण उगवतं ते सगळं नॅनकडून येतं, याबद्दल डुगल्डला तिळमात्र शंका नव्हती. तो स्वतः दर तिसऱ्या दिवशी मशीन फिरवून गवताची पार हजामत करायचा, वर त्यात फिकट-गडद पट्टे पाडायचा. बीचच्या झाडाच्या सावलीत, त्या भादरलेल्या गवतात शेवाळाची चंगळ व्हायची. पण पायाखाली गालिच्यासारखं मऊ लागतं म्हणून हा गृहस्थ खूश.

यंदा बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळाच्या क्लबच्या, मैदानाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. उमेदवाराच्या घरी चहाला जायचं आणि त्याचं लॉन बघून निवड करायची, ही क्लबची जुनी रीत. डुगल्डला ती जागा अकरा वर्षं हवी होती. सर्वेअर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी काही विचारेनासं झालं होतं. मैदानाच्या प्रमुखाला मात्र सगळं गाव विचारतं, आज खेळायचं का म्हणून. कमिटी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी येणार होती.

त्याआधी तीन आठवडे त्याने लॉनवर शेवाळ मारायला हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला. शेवाळ काळंठिक्कर पडलं, ते पडायलाच हवं होतं. दहा दिवसांनी त्याने दाताळं घेऊन ते ओरबाडून काढलं. अकरा पोती भरली. खाली उरला चिखल, आणि अर्धवट सोललेल्या कोंबडीच्या अंगावर पिसं असावीत तशा गवताच्या चार काड्या.

बायको इशबेल स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघून गेली. "गवत नव्हतंच तिथं, डुगल्ड," ती म्हणाली. "इतकी वर्षं तू शेवाळालाच पट्टे पाडत होतास."

हे मान्य करेल तर तो डुगल्ड कसला! हिराकस जहाल निघाला, त्यानेच माझं गवत जाळलं, असा त्याने निकाल दिला. या थंडीत नवं बी रुजायला तीन आठवडे लागणार, आणि हातात होता जेमतेम दीड. मग त्याला त्याच्या लायकीची युक्ती सुचली. नॅनचंही लॉन जळलं, तर मुळं खाणाऱ्या अळीवर खापर फोडता येईल. अळी काय, कुणाच्याही घरी येते.

रविवारी नॅन चर्चला गेल्यावर हा उरलेली पिशवी घेऊन तिच्या फाटकातून आत शिरला, मुठी भरभरून हिराकस फेकला आणि तिने मार्चमध्ये घातलेल्या नव्या पांढुरक्या फरशीच्या वाटेवरून ओल्या बुटांनी घरी आला. दुपारी झिमझिम सुरू झाली.

आता हिराकसाला शेजाऱ्यांच्या भांडणाचं काय? तो शेवाळ मारतो आणि गवताला गडद हिरवा रंग आणतो, एवढंच त्याला ठाऊक. नॅनच्या दाट गवतात मरायला शेवाळ नव्हतंच. शनिवारपर्यंत तिचं लॉन असं हिरवंगार झालं, की डुगल्डने खिडकीचा पडदाच ओढून घेतला.

कमिटीचे अध्यक्ष लॉरिमर दोघांना घेऊन आले. चिखल बघून तिघे चहाला बसले. डुगल्डने अळीची कथा सुरू केली, पण लॉरिमरांचं लक्ष भिंतीपलीकडे होतं. तिथे कपडे वाळत घालणाऱ्या नॅनला त्यांनी विचारलं, हे केलंत तरी कसं?

"मी काहीच केलं नाही," नॅन म्हणाली. "मी चर्चला गेले होते तेव्हा डुगल्ड येऊन करून गेले. ही त्यांचीच पावलं."

फरशीवर गंजाच्या रंगाची पावलं उमटली होती, लॉनपासून थेट फाटकापर्यंत.

लॉरिमर गहिवरले. स्वतःचं लॉन बाजूला ठेवून या माणसाने शेजारणीचं केलं, वर कुणाला सांगितलंही नाही! डुगल्डने खरं सांगायला तोंड उघडलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने डुगल्डला ओळखलंच नाही. त्याने मान खाली घालून विनयाचा आव आणला. जागा त्याला मिळाली.

पाहुणे गेल्यावर तो बादली आणि तारेचा ब्रश घेऊन नॅनच्या फाटकाशी गेला. ती वाटेत खुर्ची टाकून बसली होती.

"घासू नका," ती म्हणाली. "हे डाग जात नाहीत. मी दुकानात विचारून आले."

"नॅन, माझा हेतू…"

"तुमचा हेतू मला रविवारीच कळला. पिशवी इथेच विसरलात ना." तिने चहाचा घोट घेतला. "क्लबच्या मैदानावर काही टाकायचं झालं, तर आधी मला येऊन विचारायचं. दर वेळी. नाहीतर लॉरिमरांना मी माझ्याकडे चहाला बोलावीन."

डुगल्डने बादली खाली ठेवली. "सोमवारी मैदानावर मशीन फिरवू का?" त्याने विचारलं.

"बघू," नॅन म्हणाली. "उद्या विचारा."