दहा रेघा

मुदस्सर गेल्यावर दोन महिन्यांनी जुल्फिकारने पोराच्या जीपचं इंजिन आपल्या जुन्या गाडीत बसवून घेतलं. जीपचा चेंदामेंदा झाला होता, पण इंजिन धडधाकट होतं. वीर स्टेशनवरून सवाऱ्या आणायला गाडी लागतेच, असं तो लोकांना सांगे. खरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पोलादपूरच्या पुढे घाट उतरताना पोरगा दरीत गेला, आणि भरधाव हाणली असणार, असा निकाल गावाने देऊन टाकला. लोकांच्या जिभेला कुठे हाड असतं! त्याची आई रहिमा मात्र एकेकाशी भांडत राहिली. त्याच सकाळी डिझेल वाचावं म्हणून जुल्फिकारने मुदस्सरच्या इंजिनाचा रेसचा, म्हणजे पेडल न दाबता इंजिन किती फिरतं ते ठरवणारा, स्क्रू गुपचूप ढिला केला होता. किती, ते आठवत नव्हतं. रेस फारच कमी असली तर उतारावर क्लच दाबताच इंजिन बंद पडतं आणि ब्रेक दगडासारखा होतो.

तो स्क्रू अजून तसाच होता; इंजिन चालवून फेरे मोजले तर किती ते कळलं असतं. पण जुन्या गाडीचा फेऱ्यांचा मीटर या इंजिनाला जुळेना, काटा शून्यावरून हलेना. गॅरेजात विचारायची छाती होईना. शेवटी शेजारच्या कमलाकर सरांना त्याने एवढंच विचारलं, की मीटरशिवाय फेरे मोजायचे कसे.

सर निवृत्त झाले तरी विज्ञान शिकवायची हौस फिटली नव्हती. त्यांनी पुलीवर खडूची एक रेघ ओढली, शेडचं दार लोटून अंधार केला आणि जुनी चोकवाली ट्यूबलाइट पुलीजवळ धरली. ही सेकंदाला शंभरदा लुकलुकते, ते म्हणाले. एका रेघेच्या आठ दिसल्या तर मिनिटाला साडेसातशे फेरे, म्हणजे ठीक. जास्त दिसल्या तर रेस कमी.

इंजिन सुरू झालं. जुल्फिकारने रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. अल्लाकडे त्याने मनातल्या मनात दोनच रेघा कमी मागितल्या.

"दहा," सर म्हणाले. "म्हणजे सहाशेच. एवढी कमी कुणी केली? घाटात हमखास बंद पडणार."

रहिमा चहा घेऊन दारात उभी होती. पोरानेच केली असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुदस्सर थोडाच नाही म्हणायला येणार होता.

"मी केली," जुल्फिकार म्हणाला. "त्याच सकाळी. त्याला सांगितलंसुदा नाय."

रहिमा कप घेऊन आत आली.

"म्हंजे माझा पोर सावकाशच चालवत व्हता," ती म्हणाली.

तिने सरांचा कप बॉनेटवर ठेवला. जुल्फिकारचा परत घेऊन गेली.